तोडकरांचा डोळा

निरीक्षक क्रमांक एकशे सतरा यांचा फोन रोज संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी यायचा. त्या बुधवारीही तो आला. चारुशीला तोडकरने हातातला घास ताटात ठेवला, डाव्या हाताने फोन उचलला आणि वही पुढे ओढली.

"लिहून घे, माय," पलीकडून आवाज आला. "ढग नाहीत. चंद्र नाही. क ताऱ्यापेक्षा मंद, ग ताऱ्यापेक्षा उजळ. दहा पूर्णांक तीन. डोकं पसरट. शेपूट दिसत नाही."

"लिहिलं, नाना."

"जेवलीस का?"

"जेवायलेच की."

"बरं."

मग थोडी खरखर झाली आणि त्या खरखरीत नाना दबक्या आवाजात काहीतरी मोजू लागले. एक, दोन, तीन करत चौदापर्यंत. चौदा झाले की फोन बंद व्हायचा, तसा तो झाला. चारूने पोळीचा घास तोंडात टाकला, पण तो काही नीट उतरला नाही. नानांना, म्हणजे दत्तात्रय तोडकरांना, जाऊन चौदा महिने झाले होते.

यात भुताटकी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भुताटकी असती तर एक वेळ परवडली असती. भुताला उतारा चालतो, नारळ चालतो. यंत्राला काय ओवाळून टाकणार? हे यंत्र तर पुण्याच्या धूमकेतू नोंद कक्षाने बसवलेलं, आणि चारू त्याच कक्षात नोंदी तपासायच्या कामावर होती.

धूमकेतू किती उजळ आहे हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. तारा म्हणजे टिंब आणि धूमकेतू म्हणजे कापसाचा पुंजका. टिंबाची आणि पुंजक्याची तुलना करायची कशी? म्हणून जुने निरीक्षक दुर्बिणीचा फोकस मुद्दाम थोडा बिघडवून ताऱ्याचाही तेवढाच पुंजका करतात, आजूबाजूचे दोन-तीन माहीत असलेले तारे निवडतात आणि याच्यापेक्षा मंद, त्याच्यापेक्षा उजळ असं ताडत एक आकडा सांगतात. त्या आकड्याला प्रत म्हणतात. आकडा जितका मोठा, तितका धूमकेतू मंद. सहाव्या प्रतीच्या पलीकडचं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. यात आणखी एक मेख आहे. कुणाचा डोळा प्रत्येक गोष्ट जराशी मंद बघतो, कुणाचा जराशी उजळ. ही ज्याची त्याची खोड ओळखून कक्ष दर महिन्याला प्रत्येकाच्या आकड्यात थोडी दुरुस्ती करायचा, मग सगळ्यांचे आकडे एका रांगेत यायचे.

कॅमेरे असताना डोळे कशाला, असं कुणीही विचारील. कॅमेऱ्याची नजर निराळी, माणसाची निराळी. गेल्या दीडशे वर्षांच्या नोंदी डोळ्यांनी केलेल्या. त्यांना आजच्या नोंदी जोडायच्या तर आजही डोळेच हवेत. आणि डोळे तर संपत चालले होते. शहरांच्या उजेडाने आकाश धुऊन निघालं होतं, उपग्रहांच्या माळांनी उरलंसुरलं खाल्लं होतं. दोन हजार त्रेचाळीस साली अख्ख्या देशात असे एकोणीस निरीक्षक उरले होते, आणि त्यांतला सगळ्यात धाकटा अठ्ठावन्न वर्षांचा होता. तेव्हा कक्षाने डोळ्यांची नक्कल करायला घेतली. एखाद्याच्या आयुष्यभराच्या नोंदी यंत्राला शिकवायच्या. पुढे यंत्राला आकाशाचा फोटो दाखवला की त्या माणसाने कोणता आकडा सांगितला असता ते यंत्र सांगतं.

नानांच्या नोंदी एक्केचाळीस वर्षांच्या. अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी केली, बारा इंची आरसा स्वतः घासला, गच्चीवर दुर्बीण उभी केली आणि अठरा हजार आकडे लिहून ठेवले. शेवटच्या सहा वर्षांत ते आकडे फोनवर सांगायचे. पुरावा म्हणून ते फोन कक्षाने जपून ठेवले होते, म्हणून नक्कल आवाजही शिकली, जेवलीस का हेही शिकली आणि चौदापर्यंतची मोजणीही. कागदावर सही नानांनीच केली होती. "मी गेल्यावर बघायला कुणी पाहिजे का नाही?" म्हणाले होते. मग एका संध्याकाळी निरीक्षण आटोपून खाली येताना जिन्यावरून पडले आणि दोन दिवसांत गेले. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. चारूही तेच म्हणाली.

तेराव्यानंतर आठवड्याने दुर्बिणीला कॅमेरा आणि मोटर बसली. पहिला फोन आला तेव्हा चारूच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. दुसऱ्या महिन्यात ती त्या फोनची वाट बघू लागली. आता आठ-दहाला ती कुठे जात नसे आणि हे कुणाला सांगतही नसे.

नाना ज्याचे आकडे सांगत होते तो धूमकेतू चार वर्षांपूर्वी शनीच्या पलीकडे सापडलेला. एका फेरीला त्याला नव्वद हजार वर्षं लागतात. तो सूर्याकडे येईल तसा बर्फाची वाफ होऊन आतून झोत सुटतात, ते झोत त्यालाच ढकलतात आणि तो आखलेल्या वाटेवरून किंचित सरकतो. म्हणून त्याची कक्षा दर आठवड्याला नव्याने मांडावी लागे. दिवाळीत तो नुसत्या डोळ्यांनी दिसणार असं सगळे सांगत होते आणि तो दिवसेंदिवस उजळतही होता. फक्त क्रमांक एकशे सतरा मागे पडत चालले होते. त्यांची शेवटची दुरुस्ती धरूनही चैत्रात ते इतरांपेक्षा अर्ध्या प्रतीने मंद सांगत होते, आता सव्वा प्रतीने.

गुरुवारी सकाळी कक्षाचे प्रमुख डॉ. नीलकंठ भडसावळे चारूच्या टेबलाशी आले. बसले नाहीत. बसायला सुचलंच नसावं.

"चारू, तुझ्या वडिलांनी कमाल केलीय," ते म्हणाले. "हा धूमकेतू आतून फुटतोय. कॅमेरे सगळा उजेड एकत्र मोजतात, त्यांना तो वाढताना दिसतो. डोळा मधला गाभा बघतो, आणि गाभा विझत चाललाय. कक्षेतही या आठवड्यात फरक पडलाय. जगात कुणाच्या लक्षात आलेलं नाही!"

"बाकीचे निरीक्षक तसं सांगत नाहीत, सर."

"त्यांची एक्केचाळीस वर्षं झालीत का? सोमवारी जाहीर करू. तोडकर इशारा म्हणू त्याला. आयुष्यभर माणूस गच्चीवर बसला, कुणी विचारलं नाही. आता विचारतील." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "फक्त एकशे सतराची जुनी दुरुस्ती स्थिर होती, एवढं लिहून सही कर. तपासनीस तूच आहेस ना?"

नानांचं नाव जगभरच्या यादीत जाणार होतं. ते असते तर कान लाल करून म्हणाले असते, 'उगंच काहीतरी.' चारूने सही करायला पेन उचललं, आणि सवयीने आधी एकशे सतराच्या दुरुस्त्यांचा रकाना उघडला.

तोवर तिने तो रकाना कधी सलग पाहिलाच नव्हता. दर महिन्याच्या एक तारखेला एकोणीस निरीक्षकांच्या एकोणीस दुरुस्त्या पडद्यावर यायच्या, त्यांच्यावर नजर फिरवायची आणि मंजूर करायच्या. वडिलांच्या ओळीवरून तर ती मुद्दाम लवकर पुढे जायची. तपासनीस मुलगी वडिलांचे लाड करते असं कुणी म्हणू नये, इतकंच मनात. आपण घरच्या माणसालाही सवलत देत नाही, याचा तिला थोडा अभिमानच होता.

आता सहा वर्षं एकाखाली एक उभी राहिली. पहिल्या वर्षी दुरुस्ती एक दशांश. मग दोन. मग तीन. पुढे चार, पाच, सहा. कधी मागे येणं नाही, कधी थांबणं नाही. प्रत्येक आकड्यापुढे मंजूर, चा. तो. नाना जायच्या आधीच्या महिन्यात नऊ दशांश, मंजूर, चा. तो.

खोड अशी वाढत जात नाही. खोड जन्मभर तेवढीच राहते.

तिने नानांच्या नोंदी दोन ढिगांत विभागल्या. एकात निळसर ताऱ्यांशी केलेली तुलना, दुसऱ्यात तांबूस-पिवळ्या ताऱ्यांशी केलेली. निळ्या ताऱ्यांच्या ढिगात नानांचे आकडे अगदी बरोबर होते, सहाही वर्षं. तांबूस ताऱ्यांच्या ढिगात धूमकेतू वर्षागणिक मंद होत गेला होता. चारू खुर्चीत मागे टेकली. तिला समजलं, आणि समजल्याक्षणी ते समजलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

सूर्याजवळ आलेला धूमकेतू निळसर हिरवा असतो. डोळ्याचं भिंग म्हातारपणी पिवळं पडतं, आणि पिवळं भिंग निळा उजेड आत येऊ देत नाही. अशा डोळ्याला निळा तारा आणि निळसर धूमकेतू सारखेच मंद दिसतात, म्हणून त्यांची तुलना चुकत नाही. तांबूस तारा मात्र तसाच झळकत राहतो आणि त्याच्या शेजारी धूमकेतू बिचारा विझल्यासारखा वाटतो. धूमकेतूला काही झालेलं नव्हतं. नानांना मोतीबिंदू झाला होता. सहा वर्षं तो पिकत होता, दर महिन्याला आकड्यांत उतरत होता, आणि दर महिन्याला चारू तो आकडा दुरुस्त करून रांगेत बसवत होती. देशातल्या एकोणीस निरीक्षकांच्या डोळ्यांची खोड काढणारी ही तपासनीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बाकीचं यंत्राने केलं होतं. डोळा वयाने बदलतो हे यंत्राला शिकवलेलं होतं. नानांचा डोळा कोणत्या चालीने मंदावतोय ते त्याने सहा वर्षांवरून हेरलं आणि तीच चाल तारखेप्रमाणे पुढे नेली. डोळ्याचा धनी जळून राख झाला होता आणि मोतीबिंदू मात्र पिकतच होता.

सही न करता ती उठली. शुक्रवारी सकाळची बस धरून दुपारी अंबाजोगाईला पोचली.

आई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. चारूने चहाची वाट न बघता विचारलं, "आई, नानांना दिसायचं का गं नीट?"

आईने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि मग वर बघितलं. "कुठलं दिसतंय, बाई. शेवटची दोन वर्षं तर चहात साखर समजून मीठ घालायचे. उन्हात गेले की डोळ्याला हात लावायचे. जिना तर मोजून उतरायचे, चौदा पायऱ्या. तू ऐकलं असशील की फोनवर."

"मला वाटायचं, सेकंद मोजतात. निरीक्षणाचं काहीतरी असेल."

"पायऱ्या मोजायचे. त्या दिवशी शेजारच्या पोरीनं मधीच हाक मारली, काकू आहेत का म्हणून. मोजणी चुकली, आणि काय."

चारू खाली बसली. सुपातले दाणे हाताने उगाच इकडून तिकडे करत राहिली. "मग तू मला का नाही सांगितलंस? मी पुण्याला नेलं असतं. अर्ध्या तासाचं ऑपरेशन असतं ते, आई. माणूस दुसऱ्या दिवशी पेपर वाचतो."

"मी म्हणले की त्यांना. दहादा म्हणले. चारूला कळवते म्हणले." आईचा आवाज चढला नाही. तिला यात दोष देण्यासारखं काही दिसत नव्हतं, आणि तेच चारूला सोसवत नव्हतं. "तर मला म्हणले, तिला काय सांगायचं? माझे आकडे रोज तिच्यासमोरच असतात. डोळ्यात काही खोट असती तर तिला पहिल्यांदा दिसली असती. ती काही बोलत नाही, म्हणजे वयाचं आहे. तुझ्यावर लई भरोसा, बाई. तुझ्या पुढं डॉक्टरचं काय चालणार होतं?"

चारू रडली नाही. रडावं एवढा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटेना. ती मागच्या अंगणात गेली आणि भडसावळ्यांना फोन लावला. रकाना, दोन ढीग, पिवळं भिंग, सगळं सांगितलं. स्वतःच्या सहा वर्षांच्या सह्याही सांगितल्या.

"म्हणजे फुटत नाहीये तो," ते म्हणाले.

"नाही. कक्षेतला फरक नुसत्या झोतांचा असेल. इशारा देऊ नका, सर. चुकीच्या आकड्यावर त्यांचं नाव नको."

"मग एकशे सतरा बंद करावा लागेल. उद्या सकाळी दहाला करतो." मग त्यांनी आवाज मऊ केला. "चारू, एक करता येईल. नकलेत भिंगाचा आकडा वेगळा असतो. तो मी स्वच्छ करून देतो, वयही गोठवून टाकतो. पुन्हा नीट बघतील. फोनही येत राहील. कुणाचं काही बिघडत नाही."

चारूने डोळे मिटले. उद्या, परवा, पुढच्या वर्षी, रोज आठ वाजून दहा मिनिटांनी 'जेवलीस का'. तिला ते इतकं हवंसं वाटलं की तोंडून हो निघणारच होतं.

"ते ऑपरेशन त्यांचं झालंच नाही, सर," ती म्हणाली. "मीच होऊ दिलं नाही. आता झालं असं दाखवून त्यांच्या नावावर आकडे नको लिहायला. बंद करा."

दिवेलागण झाली. आठच्या सुमाराला आई उठली आणि कुणी न सांगता तिने अंगणातला दिवा मालवला. एक्केचाळीस वर्षं ती हे करत आली होती, कारण उजेडात निरीक्षण बिघडतं. वर गच्चीवर मोटर कुरकुरली. खालून ऐकलं तर कुणीतरी जड पावलांनी या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेल्यासारखं वाटे. "रोज असंच फिरतात," आई म्हणाली, आणि आत निघून गेली. ती त्या यंत्राशी कधी बोलली नव्हती.

चारू गच्चीवर गेली. आकाश भरून आलं होतं, ताऱ्यांनी. पश्चिमेकडे दुर्बिणीची काळी नळी आपोआप वळत होती आणि मग थांबली. बाजूला कुणी नव्हतं. नानांचं स्टूलही कॅमेरा बसवताना कुणीतरी खाली नेलं होतं. तिने दुर्बिणीच्या लहान शोधक नळीला डोळा लावला. क तारा होता, ग तारा होता. दोघांच्या मधोमध धूमकेतू, हिरवट आणि चांगला ठसठशीत.

फोन वाजला.

"लिहून घे, माय. ढग नाहीत. चंद्र नाही." नाना थांबले. असे ते कधी थांबत नसत. "त्याच्याजवळ... कुठाय तो. ग तारा दिसेना. क तारा हाय का नाही, सांगता येईना. तुमच्याकडं आकाश कसंय?"

हातभर अंतरावर नळी होती, वर लखलखीत आकाश होतं, आणि त्या नळीच्या पलीकडे कुणीतरी आंधळं होत चाललं होतं.

"आकाश चांगलं आहे, नाना."

"मग मला का दिसेना?"

हा प्रश्न नानांनी जिवंतपणी कधी विचारला नव्हता. कदाचित मनात शंभरदा आला असेल. यंत्राने तो कुठून जुळवून आणला, कोण जाणे. नोंदींपलीकडचं काही बोललं की ही नक्कल गप्प बसायची, कुणी आकड्यांचं बोललं तरच उत्तर द्यायची, हे चारूला माहीत होतं. तरी ती बोलली. सहा वर्षं जे महिन्याच्या एक तारखेला बोलायला हवं होतं ते बोलली.

"नाना, तुम्हाला मोतीबिंदू झालाय. आकड्यांत दिसतंय मला. डोळे दाखवायला पाहिजेत. ऑपरेशन करायला पाहिजे."

खरखर आली. बराच वेळ नुसती खरखर. आता फोन बंद होईल असं तिला वाटलं.

"आकड्यांत दिसायलंय म्हणतीस?"

"हो, नाना."

"तू म्हणतीस म्हणजे असंल." आवाजात कसलाही राग नव्हता, उलट हायसं वाटल्यासारखा तो मोकळा झाला होता. "मग जाऊ की. मी कुठं नाही म्हणलो? कधी जायचं?"

चारूने कठड्याला धरलं. ओठ दाबून धरले आणि दोनदा श्वास घेतला.

"उद्या," ती म्हणाली. "सकाळी दहाला."

"बरं," नाना म्हणाले. "मी आंघोळ करून तयार राहतो."